नमपायमध्ये पुढच्या दोन वर्षांत आधी काय हाती घ्यावं?

तुम्ही विचारलंय की नमपायमध्ये, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आकड्यांच्या सारण्यांवर गणित करणाऱ्या मुक्त लायब्ररीत, नव्या सोयी, वेग, जीपीयू (एकाच वेळी खूप गणितं करणारी ग्राफिक्स चिप) आणि डॉक्युमेंटेशन यांतलं आधी काय घ्यावं आणि ते वापरकर्त्यांच्या मतांवर ठरवावं का. मतं जरूर घ्या. २०२० च्या सर्वेक्षणात १२०० हून अधिक जणांनी उत्तरं दिली होती. पण मतांवरून लोकांना काय हवंय एवढंच कळतं. ते करणार कोण, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी आधी एकच गोष्ट बघेन : आलेले पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल घ्या म्हणून आलेल्या विनंत्या) नीट तपासू शकतील असे किती मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, आहेत, आणि त्यांच्या हातात वेळ किती आहे. नमपाय १.० आलं २००६ मध्ये, आणि मूळ कामासाठी पहिला थेट निधी मिळाला २०१७ मध्ये. मधली सगळी वर्षं हा डोलारा लोकांनी आपापल्या वेळेतून सांभाळला.

काही कामांचा क्रम आपल्या हातात नसतोच. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेजेस बांधायचं जुनं साधन काढलं गेलं, तेव्हा नमपायच्या बिल्डची (कोडपासून वापरता येईल असं पॅकेज बनवण्याची) सगळी व्यवस्था मेसॉन या दुसऱ्या साधनावर न्यावी लागली. मतदान घेतलं असतं तर हे काम कुणी पहिल्या दहातही ठेवलं नसतं. आता जीआयएलशिवाय (एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या पायथनच्या कुलपाशिवाय) चालणाऱ्या पायथनचं तसंच आहे. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते, त्यामुळे अशा कामांसाठी लागणारा वेळ आधी बाजूला काढा आणि उरलेल्या वेळेचंच नियोजन करा.

जीपीयू मात्र नमपायच्या आत आणू नये, असं माझं ठाम मत आहे. क्युपाय, जॅक्स, पायटॉर्च या दुसऱ्या लायब्ररी ते काम करतातच. नमपाय २.० मध्ये अ‍ॅरे एपीआय स्टँडर्डला (अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या सारण्या, हाताळणाऱ्या लायब्ररींसाठीच्या सामायिक नियमांना) पाठिंबा दिला, तीच दिशा योग्य आहे : एकदा लिहिलेला कोड कुठल्याही अ‍ॅरेवर चालावा. शिवाय जीपीयूचा कोड आत घेतला की तो तपासायला वेगळी यंत्रं आणि वेगळे जाणकार कायमचे लागणार.

खरा भर द्यायचा तो बदल सुसह्य करण्यावर. जून २०२४ मध्ये आलेल्या २.० ने एबीआय (आधीच बिल्ड केलेली पॅकेजेस नमपायशी ज्या पातळीवर जुळतात तो सांधा) मोडला, तरी २.० वर बिल्ड केलेली पॅकेजेस १.x वरही चालतील अशी सोय ठेवली. फंक्शन्सची वगैरे नावं बदलली, पण जुना कोड दुरुस्त करायला रफ या कोड तपासणाऱ्या साधनाचा नियमही दिला. हे कष्ट कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण इतरांची हजारो तासांची कटकट त्यांनी वाचवली. याउलट एनईपी ५० (नमपायच्या सुधारणा-प्रस्तावांपैकी एक) चा बदल घ्या. फ्लोट३२ चा स्केलर (३२ बिटांत साठवलेली एकच दशांश संख्या) आणि पायथनचा साधा दशांश यांची बेरीज पूर्वी जास्त अचूक अशा फ्लोट६४ मध्ये यायची, आता फ्लोट३२ मध्ये येते. नियम आता जास्त सुसंगत आहे, आणि तो हवाच होता. पण इथे एरर येत नाही, फक्त अचूकता कमी होते. अशा बदलांना इशारे, उदाहरणं आणि चाचण्या दुप्पट हव्यात. त्यामुळे डॉक्युमेंटेशन शेवटी उरलं तर बघू असं न करता, प्रत्येक बदलाच्या पुल रिक्वेस्टमध्येच ते मागा.

नव्या सोयींना माझा विरोध नाही. पण प्रस्ताव मांडणाऱ्याला एवढं विचारा की मर्ज झाल्यावर (मुख्य कोडमध्ये घेतल्यावर) पुढचं वर्षभर त्याचे बग कोण बघणार. ज्या प्रस्तावापुढे नाव लिहिलं जाईल, तो यादीत वर घ्या.