खानदेशात ई.एम.जी.-एन.सी.व्ही. हेच मुख्य काम ठेवून न्यूरोलॉजिस्टचा निभाव लागतो का?

डी.एम. न्यूरोलॉजी संपत आले असून जळगावला परतून ई.एम.जी. (सुईने स्नायूची तपासणी) आणि एन.सी.व्ही. (करंट देऊन नसेचा वेग मोजणे) या नसा-स्नायूंच्या विद्युत तपासण्यांवरच मुख्य भर द्यावा का, असे आपण विचारले आहे. गेली वीस वर्षे मी येथे तेच करीत आहे, त्यामुळे माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र तपासणी तंत्रज्ञावर सोपवून केवळ अहवालावर सही करायची असेल, तर या वाटेला जाऊ नये.

निंदणीच्या दिवसांत तासन्‌तास उकिडवे बसून काम केलेल्या बाया पाऊल उचलत नाही म्हणून येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा कमरेचा एम.आर.आय. असतो आणि त्यात चकती सरकल्याचेही लिहिलेले असते (चाळिशीनंतर ते कितीजणांत नसते?). नस कमरेत एल-5 (कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणारे नसेचे मूळ) पातळीवर दबली आहे की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे पेरोनियल नस हाडाला वळसा घालते तिथे, हे ठरवण्यासाठी पोटरीतल्या टिबिआलिस पोस्टेरियर स्नायूत ई.एम.जी.ची सुई घालावी लागते, कारण त्याला एल-5चा पुरवठा असला तरी तो पेरोनियल नसेतून येत नाही. हा स्नायू निरोगी निघाला आणि गुडघ्याच्या वर करंट दिल्यावर प्रतिसाद एकदम घटला, तर कमरेच्या शस्त्रक्रियेचा विषय मागे पडतो. हीच सुई इजेनंतर दोन-तीन आठवडे उलटण्याआधी घातली, तर ती फसवू शकते. म्हणून आधी हकिगत ऐकावी, तीही बाई अहिराणीत सांगेल तशी, मध्येच न तोडता.

सुरुवातीला मीही चुकलो आहे. जानेवारीतल्या एका सकाळी मोटारसायकलवरून थेट आलेल्या रुग्णाचे गार हात तसेच तपासले आणि मधुमेहाने नसा मंदावल्याचे लिहून दिले. दुपारी पुन्हा पाहिले, तेव्हा वेग व्यवस्थित होता. तापमान 1 अंशाने उतरले की नसेतील वहनाचा वेग सेकंदाला सुमारे 2 मीटरने घटतो, हे पाठ असूनही त्वचेचे तापमान 32 अंशांच्या वर आहे का, ते मी पाहिले नव्हते.

पैशाचे म्हणाल, तर एका तपासणीला पाऊण तास लागतो आणि तेवढ्या वेळात ओ.पी.डी.त पाच-सहा रुग्ण होतात. मी सकाळी ओ.पी.डी. करतो आणि दुपारी तपासण्या. चोपडा, रावेर, शिरपूरकडचे अस्थिरोगतज्ज्ञ रुग्ण पाठवू लागायला मला तीन वर्षे लागली. तोवरचे यंत्राचे हप्ते ओ.पी.डी.तूनच फिटले.