शब्दशंका : ‘पाउंड’ एक की तीन?

प्रश्न : कोशात ‘पाउंड’ या इंग्रजी शब्दाला वजन, चलन, कोंडवाडा आणि कुटणे असे अर्थ दिले आहेत. एकाच शब्दाला इतके फाटे कसे फुटले?

उत्तर : शब्द एक नाही, तीन आहेत. उच्चार आणि स्पेलिंग जुळले, मुळे वेगळी राहिली. म्हणून चांगल्या कोशात त्यांच्या नोंदीही वेगवेगळ्या असतात.

वजन आणि चलन मात्र सख्खी भावंडे. लॅटिनमध्ये ‘लिब्रा पोंडो’ म्हणजे वजनाने एक लिब्रा. इंग्रजीत नाव आले ‘पोंडो’वरून आणि लघुरूप ‘लिब्रा’चे, म्हणून पौंड लिहिताना ‘एलबी’ ही अक्षरे येतात. चलनाचे चिन्ह हासुद्धा आडवी रेघ मारलेला ‘एल’च. पौंडभर चांदीतून २४० पेनी पाडत, त्यावरून तेवढ्या पेनींचा हिशेबी पौंड ठरला. १५ फेब्रुवारी १९७१ पासून त्याचे १०० पेन्स झाले.

कोंडवाड्याचा ‘पाउंड’ जुन्या इंग्रजीतला, बंदिस्त जागा या अर्थाचा. आपल्याकडे तो १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्यात आहे. ‘इम्पाउंड’ म्हणजे जप्त करणे, हे त्याच्यावरूनच. आणि तळ्याला म्हणतात तो ‘पाँड’ही त्याचेच दुसरे रूप, बांध घालून अडवलेले पाणी. इंग्रजी बातमीत टो केलेली गाडी किंवा भटका कुत्रा ‘पाउंड’मध्ये नेला असे असेल, तर तिथे पैशांचा संबंध नाही. अनुवादात ही चूक हमखास होते.

कुटण्याचे क्रियापद तिसरे. ते जुन्या इंग्रजीत ‘पूनियन’ होते. शेवटचा ‘ड’ मागाहून चिकटला. खलबत्त्यात मिरे कुटणे, दार बडवणे, छाती धडधडणे, सगळे यातलेच.

प्रश्न : मग ‘कंपाउंड’ कोणत्या ‘पाउंड’चा?

उत्तर : कोणत्याच नाही. घराभोवतीचे कंपाउंड मलय भाषेतल्या ‘कांपुंग’वरून आले असे सहसा मानतात. औषधे मिसळणारा कंपाउंडर लॅटिन ‘कोम्पोनेरे’कडचा, म्हणजे एकत्र ठेवणे.

प्रश्न : अमेरिकेत जन्मलेल्या नातीचे वजन ‘७ पौंड ८ औंस’ कळवले आहे. म्हणजे ७.८ पौंड का?

उत्तर : नाही, साडेसात. पौंडाचे औंस १६, दहा नव्हेत. पौंड ४५३.५९ ग्रॅमचा, तेव्हा बाळ सुमारे ३ किलो ४०० ग्रॅमचे. ७.८ धरलेत तर १३६ ग्रॅम फुकट वाढतील, आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत एवढा फरक लहान नाही. मोठ्यांसाठी झटपट हिशेब हवा असेल तर पौंडांचे निम्मे करून त्यातून दहावा भाग वजा करा : १५० चे ७५, त्यातून साडेसात गेले, साडेसदुसष्ट किलो. खरे उत्तर ६८ च्या जरा वर येते.

हा औंस २८.३५ ग्रॅमचा. सोन्याचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. परदेशी भाव २८.३५ ने भागलात तर ग्रॅमचा दर जवळपास दहा टक्के जास्त निघेल.