उशीखालची चपाती

दत्तक किंवा संगोपनासाठी (काही काळापुरतं सांभाळायला) मूल घरी आणल्यानंतरच्या दिवसांबद्दल मागच्या अंकात पत्रं मागवली होती. आलेली निम्मी पत्रं कागदपत्रांची निघाली. त्यांची उत्तरं दत्तक संस्थेत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात नीट मिळतात, म्हणून ती बाजूला ठेवली. इथे घेतलीत ती मन लागत नसल्याची, आणि एका पत्रात लागलेलं मन सोडवत नसल्याची. नावं गाळली आहेत, मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमचा मुलगा सहा वर्षांचा. संस्थेतून येऊन तीन महिने झाले. घरात खायला कशाची कमी नाही, तरी उशीखाली चपातीचे तुकडे, बिस्किटं सापडतात. परवा दप्तरात भाताचा गोळा होता, मुंग्या लागलेला. सासूबाई म्हणतात, चोरीची सवय आत्ताच मोडा. (उत्तरेश्वर पेठ)

याला चोरी म्हणू नका, घरात सुद्धा. तो साठवतोय. संस्थेत जेवणाची वेळ ठरलेली असते. मधे भूक लागली तर उठून डबा उघडायची सोय नसते. संस्थेत यायच्या आधीचे त्याचे दिवस कसे गेले, ते तर फाईलमध्ये बहुतेक वेळा दीड ओळीत उरकलेलं असतं. पोट आज भरलंय, पण उद्या भरेल याचा भरवसा अजून बसलेला नाही.

त्याच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर घट्ट झाकणाचा एक डबा ठेवा. त्यावर त्याचं नाव. आत गूळ-शेंगदाणे, चुरमुरे, फुटाणे. शेजारी एखादं केळं. शिजवलेलं, ओलं काही नको. (चार-पाच वर्षांखालचं मूल असेल तर शेंगदाणे-फुटाणेही नकोत, घशात अडकतात.) डबा रोज सकाळी, आणि रिकामा झाला की परत, त्याच्या देखत भरायचा आणि नियम एकच: यातलं कधीही खायचं, विचारायचं नाही. रात्री उशाशी एक छोटी डबी आणि पाण्याची बाटली. दिवसा दर दोन-अडीच तासांनी काहीतरी समोर ठेवा, त्यानं मागायच्या आधी.

बिघडतं कुठे, तर पहिल्या आठवड्यातच. डबा दिवसातून तीनदा रिकामा होतो, घरचे घाबरतात, अर्धाच भरायला लागतात, नाहीतर ‘आता जेवणार नाहीस’ म्हणून उचलून वर ठेवतात. डबा एकदा जरी रिकामा सापडला, तरी त्याला जे कळायचं ते कळतं आणि तुम्ही परत पहिल्या दिवसावर येता. जेवण थोडं कमी गेलं तरी चालेल. उशीखालचं गुपचूप फेकू नका. ‘ही शिळी झाली, ही टाकतो आणि ताजी तुझ्या डब्यात ठेवतो’ असं म्हणून त्याच्यासमोर ठेवा. पाहुण्यांना हा किस्सा सांगायचा नाही, कौतुकानंही नाही.

साठवण काही महिन्यांत हळूहळू कमी होते. आजारपण, शाळा बदलणं, तुम्ही दोन दिवस गावाला जाणं, अशा वेळी परत उगवते. तेव्हा नुसता डबा पुन्हा उशाशी न्यायचा. उलटी होईपर्यंत खात असेल किंवा वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून जंत आणि रक्त तपासून घ्या. सासूबाईंना शेंगदाणे भाजायला सांगा. डबा मात्र तुम्ही किंवा त्याच्या बाबांनीच भरा. का, ते पुढच्या एका उत्तरात आहे.

मुलगी दहा महिन्यांची, आणून सात आठवडे झाले. चार वर्षं वाट बघितली होती. तिचं सगळं करते, पण आतून काही वाटत नाही. कुणाचं तरी मूल सांभाळायला ठेवलंय असं वाटतं. सांगणार कुणाला? सगळे पेढे खाऊन गेलेत. (राजारामपुरी)

बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो. डिंकाचे लाडू, आळीव, तेल-पाणी, ‘तू पडून राहा’ म्हणणारी आई. तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावायला लागला असणार. झोपमोड तीच, जबाबदारी तीच, आणि वर चार वर्षं मनात वाढवलेलं बाळ वेगळं, घरात आलेलं वेगळं. या थकव्यात माया जाणवत नाही, यात नवल नाही. दत्तकानंतरचं नैराश्य हा खरा प्रकार आहे. न बाळंत होता येतो आणि वडिलांनाही येतो.

दुसरी गोष्ट मुलीच्या बाजूची. संस्थेतली बरीच बाळं बाटली स्वतः धरून, छताकडे बघत दूध प्यायला शिकलेली असतात. तुम्ही जवळ घेतलं की ती पाठ ताठ करते, मान वळवते. तुम्हाला ते ‘हिला मी नको’ असं वाचता येतं आणि तुमचा हात सैल पडतो. ते तिला कळतं. दोघीही एकमेकींची वाट बघत थांबलेल्या असता.

म्हणून वाटण्याची वाट बघू नका, हातांचं काम आधी सुरू करा. दूध दर वेळी कुशीत घेऊनच. बाटली तुमच्या हातात, तिची बोटं हवी तर तुमच्या बोटांवर. ती बघेल तेव्हा बघा, जबरदस्तीनं तोंड वळवू नका. अंघोळीआधी दहा मिनिटं कोमट तेलानं मालिश. पायांपासून सुरुवात, कारण चेहऱ्याला हात लावलेला या मुलांना सुरुवातीला चालत नाही. संस्थेतून आलेलं दुपटं किंवा झबलं अजून धुतलं नसेल तर धुऊ नका, झोपताना जवळ ठेवा. रात्र वाटून घ्या: दहा ते दोन तिच्या बाबांनी, पुढे तुम्ही, म्हणजे एका बाजूला सलग चार तास झोप पडेल. स्वयंपाक महिनाभर दुसऱ्या कुणाकडे. सव्वा महिना उशिरा घेतला तरी चालतो. आणि ‘आज काही वाटलं का’ अशी रोज रात्री स्वतःची परीक्षा घेणं बंद करा.

मर्यादा अशी ठेवा: दोन आठवडे रोज उदास वाटतंय, संधी मिळूनही झोप येत नाही, जेवण जात नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी.

‘संस्थेला कळलं तर मूल परत नेतील’ अशी भीती तुमच्या पत्रात आहे. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटीला येते, ती याच अडचणी विचारायला. तिच्यासमोर नवा ड्रेस घालून ‘सगळं छान’ म्हणणारी घरंच पुढे जास्त अडकतात.

तीन वर्षांची मुलगी, येऊन महिना झाला. फार लाघवी आहे, कुणाच्याही कडेवर जाते, रडत नाही. एकत्र कुटुंब, गल्लीत कौतुक. चैत्रात जोतिबाला न्यायचं म्हणतोय, तिथेच सगळ्या पाहुण्यांना दाखवू. (कागल तालुका)

लाघवीपणाला थोडं घाबरा. संस्थेत तीन पाळ्यांच्या मावश्या असतात. जी समोर, तिच्याशी गोड वागलं की काम होतं. तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाकडे जाताना आईकडे वळून बघत नसेल, तर आई म्हणजे कोण हे अजून ठरलेलं नाही.

पुढचे तीन महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं, पडल्यावर उचलणं फक्त तुम्ही दोघांनी. आजी-आजोबांनी, काका-काकूंनी खेळावं, गोष्ट सांगावी, स्वयंपाक करावा. खाऊ हातात देताना ‘आईला दाखव’ म्हणावं. कडेवर घ्यायला हात पुढे आले की तुम्हीच मधे या. सासऱ्यांना राग येईल. त्यांना मुदत सांगा, ‘अमुक तारखेपर्यंत’. मुदत असली की मोठी माणसं ऐकतात. जोतिबा पुढच्या वर्षी. लाखोंची गर्दी, गुलाल, सासनकाठ्या आणि चाळीस अनोळखी मांड्या, हे एका महिन्यात नको.

‘कुणावर गेलाय?’ असं बायका मुद्दाम विचारतात. काय बोलावं? (महाद्वार रोड)

‘त्याच्यावरच गेलाय.’ आणि विषय बदला. मूल शेजारी उभं असताना याहून जास्त खुलासा करायचा नाही. तो तुमचं उत्तर कमी आणि चेहरा जास्त बघतो.

मुलगा आठ वर्षांचा. तीन महिन्यांचा असताना आणला. अजून सांगितलेलं नाही. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय. दहावी झाल्यावर सांगावं का? (इचलकरंजी)

दहावीनंतर नाही, याच महिन्यात. आठ वर्षांत तुमच्या गल्लीला माहीत झालंय; भांडणात एखादा पोरगा सांगेल तो दिवस लांब नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, दोघांनी मिळून. रात्री नको, वाढदिवसाला नको, परीक्षेआधी नको. मोजून चार वाक्यं: तू दुसऱ्या आईच्या पोटातून जन्मलास. तिला तेव्हा कुठलंच बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. तुझ्यात काही चूक नव्हती. आम्ही तुला दत्तक घेतलं आणि तू कायमचा आमचा आहेस. मग एक पाचवं, जे तुम्हाला जड जाईल: हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं.

‘तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिनं तुला दिलं’ हे वाक्य मोठ्यांना सुंदर वाटतं. मूल त्याचा सरळ हिशेब करतं: तुमचंही माझ्यावर फार प्रेम आहे, मग तुम्ही कधी देणार? शिवाय ते तुम्हाला माहीत असतं का? जे कागदावर आहे तेवढंच सांगा.

बहुतेक मुलं ‘बरं’ म्हणून क्रिकेटला जातात आणि चार दिवसांनी अंघोळ करताना पहिला प्रश्न विचारतात. त्यासाठी तयार राहा. ‘तू माझी खरी आई नाहीस’ हेही कधीतरी येईल. त्यावर ‘तुला राग आलाय. मी तुझी आईच आहे, आणि जन्म देणारी आईही होती’ एवढंच. रडून दाखवू नका, नाहीतर पुढचा प्रश्न तो तुम्हाला सांभाळण्यासाठी गिळेल.

एक वही करा: पहिला फोटो, संस्थेचं नाव, घरी आला ती तारीख, दत्तक आदेशाची प्रत. (तुमचा आदेश कोर्टाचा असेल, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात.) वही कुलपात नको, त्याच्या कपाटात. अठरा पूर्ण झाल्यावर तो स्वतः अर्ज करून आपल्या जन्माची माहिती मागू शकतो. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते.

वंशवृक्षासाठी वर्गशिक्षकांना आधी भेटा. ‘दत्तक आहे’ एवढंच सांगा, बाकीची कहाणी त्याची आहे. चित्रात जन्म देणारे मुळांत आणि तुम्ही फांद्यांत, असं काढता येतं. कोल्हापूर जिल्ह्यात या शब्दाला अवघडायचं कारण नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ ला दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. दहावं वर्ष चालू होतं त्यांचं. गादीचं दत्तक वेगळं, हे पोरगं मोठं झाल्यावर ओळखेलच. पण विषय काढायला दसरा चौकातला पुतळा वाईट नाही.

आम्ही दीड वर्षापासून नऊ वर्षांची मुलगी संगोपनासाठी सांभाळतो. तिची आई आजारातून उठली आहे, दिवाळीनंतर मुलगी तिच्याकडे जाईल असं बाल कल्याण समितीनं सांगितलंय. आईला भेटून आली की अंथरूण ओलं करते, मला वाटेल ते बोलते. तिथे तिला त्रास असणार. आम्हीच दत्तक घेऊ शकत नाही का? गावात लोक ‘पैशासाठी ठेवली’ म्हणतात, ते वेगळंच. (गडहिंग्लज)

पैशाचं आधी. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत संगोपनासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. दूध, वह्या, रिक्षा, आजारपण धरून त्यातलं काय उरतं, हे बोलणाऱ्यांना विचारा.

दत्तक नाही घेता येणार. संगोपनात आईचा हक्क तसाच राहतो. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संगोपनातलं मूल दोन वर्षांनी (आधी पाच होती) त्याच घरात दत्तक जाऊ शकतं, पण ते मूल बाल कल्याण समितीनं दत्तकासाठी कायद्यानं मोकळं ठरवलेलं असेल तरच. इथे आई आहे आणि न्यायला तयार आहे.

भेटीनंतरचं अंथरूण बहुतेक वेळा त्रासाचं नसतं, ओढाताणीचं असतं. तुमच्याकडे हसली की आईशी बेइमानी, आईकडे हसली की तुमच्याशी. राग तुमच्यावर निघतो, कारण तुम्ही सोडून जाणार नाही याची तिला खात्री आहे. भेटीच्या संध्याकाळी शिकवणी, पाहुणे काही ठेवू नका. लवकर जेवण, गादीवर मेणकापड, ‘काय काय झालं?’ ही चौकशी नाही. अंगावर वळ दिसले किंवा ती स्वतः काही बोलली, तर मात्र समितीला त्याच दिवशी कळवा; मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आहेच. एका वहीत तारीख, झोप, जेवण, भेट एवढं लिहीत जा. समितीसमोर ‘आम्हाला असं वाटतं’ यापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते.

तिच्या आईला तुमच्यातल्या कुणीही मुलीसमोर नावं ठेवू नयेत. व्हॉट्सॲप स्टेटसवर तिचा निरोपाचा फोटोही नको. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे.

जाणं एकदम नको. समितीला सांगून आधी दिवसभराची भेट, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, असं वाढवत न्या. सामान चांगल्या बॅगेत भरा, बोचक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आपण टाकून दिलेलं सामान आहोत असं मुलं त्यावरून ठरवतात. आईसाठी एक कागद: कधी झोपते, काय खात नाही, ताप आला की काय लागतं, गणितात कुठे अडते. फोटोंचा अल्बम तिच्या बॅगेत, दुसरी प्रत तुमच्याकडे.

नंतर घरात सुतक पडल्यासारखं होईल आणि त्याला कुणी भेटायला येणार नाही, कारण लोकांच्या हिशेबी कुणी गेलेलंच नसतं. ती बसायची ती जागा डोळ्यांत येईल. तुम्ही दोघं एकाच वेळी रडणार नाही. एक सावरला की दुसरा कोसळतो, त्यावरून भांडू नका. समितीच्या परवानगीनं फोन चालू राहू शकतो, तो ठरल्या वारी करा, मन आलं की नाही. दुसऱ्या मुलासाठी विचारणा झाली तर निदान तीन महिने ‘आत्ता नको’ म्हणा. तिची ताटली-वाटी तोवर फळीवर राहू दे. पुढचं मूल येईल तेव्हा त्याला ती देऊ नका, नवी आणा.