लहान हातासाठी हलका वायरलेस माऊस: आधी रुंदी बघा, मग ग्रॅम

तुमचा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६.५ सेंटीमीटर आणि तळव्याची रुंदी ८. सध्याचा वायरचा माऊस १०० ग्रॅमच्या वर आहे आणि खेळताना सारखा उचलून मागे घ्यावा लागतो, त्यात हात भरून येतो. म्हणून ५० ग्रॅमच्या आसपासचा वायरलेस घ्यावा का, ४००० हर्ट्झ (माऊस सेकंदाला ४००० वेळा संगणकाला खबर देतो) लागतं का आणि चार्जिंगची कटकट किती, असं तुम्ही विचारलंय. माझा हात जवळपास तुमच्याच मापाचा आहे आणि बरीच वर्षं मी याच जातीचे माऊस वापरते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वायरलेस नक्की घ्या. फक्त ग्रॅमचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

माऊस उचलताना जोर लागतो तो अंगठा आणि अनामिका-करंगळी यांच्या चिमटीचा. माऊस रुंद असला की ही चिमूट आधीच फाकलेली असते. फाकलेल्या बोटांत ताकद कमी राहते, मग आपण नकळत जास्त दाबून धरतो आणि तासाभराने कोपराखालचा स्नायू दुखायला लागतो. म्हणजे ६० ग्रॅमचा रुंद माऊस लहान हाताला ७५ ग्रॅमच्या अरुंद माऊसपेक्षा जड वाटू शकतो. घरीच करून बघा: आत्ताचा माऊस फक्त अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांनी बोटभर उचला, हवेत धरूनच डावं बटण चारपाच वेळा दाबा. बोटं घसरली किंवा पेरं पांढरी पडली तर माऊस तुमच्यासाठी रुंद आहे. मग पट्टी घेऊन जिथे अंगठा आणि अनामिका टेकतात तिथलं अंतर मोजा. खोक्यावर छापलेली रुंदी बहुतेक वेळा सर्वांत फुगीर जागेची असते. माऊसच्या कंबरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी तिच्यापेक्षा कमी असते आणि आपल्या कामाची तीच.

लांबीचंही तसंच. हाताच्या लांबीच्या ६० टक्के माऊस असावा असा एक ढोबळ नियम सांगतात. त्या हिशेबाने तुम्हाला ९९ मिलिमीटरचा माऊस लागेल, आणि तेवढा छोटा गेमिंग माऊस जवळजवळ मिळतच नाही. रेझरचा ओरोची व्ही२ बराच आखूड म्हणून ओळखला जातो, तोही १०८ आहे. त्यामुळे त्या नियमात अडकू नका. १२० मिलिमीटरच्या आत आणि उंची ३८ च्या आसपास किंवा त्याहून कमी, एवढं धरून चला. लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट सगळ्यांना डोळे झाकून सुचवला जातो. माऊस उत्तमच आहे, ६३ ग्रॅमच्या आत, पण १२५ लांब आणि ४० उंच. आपल्या हातात त्याचा कुबडाचा भाग थेट तळव्याला जाऊन भिडतो. बोटं वाकवून पकडणाऱ्यांना माऊसचं बूड आणि तळवा यांच्यात थोडी रिकामी जागा लागते, कारण नेम खाली आणताना माऊस बोटांनीच आत ओढायचा असतो. ती जागा भरून गेली की प्रत्येक उभी हालचाल मनगटावर येते. तुम्ही पूर्ण तळवा टेकवून खेळत असाल तर ही अडचण बरीच कमी होईल. पल्सारचा एक्स२ मिनी किंवा लाम्झूचा अटलांटिस मिनी यांसारखे छोट्या आवृत्तीतले माऊस याच कारणाने बघण्यासारखे आहेत.

बाजूच्या बटणांकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. अंगठा आपल्या जागेवर असताना पुढचं बटण पोचतं का ते बघा. लहान हातात बऱ्याचदा पकड सैल करून अंगठा पुढे सरकवावा लागतो आणि नेमका तेव्हाच नेम हलतो. असं होत असेल तर महत्त्वाचं काम मागच्या बटणाला द्या.

आता वजन. १०० वरून ६० वर येताना फरक पहिल्याच दिवशी कळतो. ६० वरून ५० वर येताना तो फार थोडा असतो, आणि काहींचा नेम उलट थरथरतो. सुरुवातीला निशाणा लक्ष्याच्या पुढे जाईल. लगेच सेन्सिटिव्हिटी (हात हलवल्यावर निशाणा किती सरकतो ते सेटिंग) बदलू नका, हात स्वतःच जुळवून घेतो. तरी थरथर राहिली तर जरा खरखरीत कापडी पॅड घ्या.

सेलवर चालणाऱ्यांपैकी लॉजिटेकचा जी३०५ लहान हाताला छान बसतो, ११६.६ मिलिमीटर. पण एए सेल धरून त्याचं वजन ९९ ग्रॅम, आणि सेल मागच्या भागात असल्याने बूड जड लागतं. साधा अल्कलाइन एए साधारण २३ ग्रॅमचा असतो, लिथियम एए १५ च्या आसपास. त्याहून बारीक एएए लिथियम सेल अडॅप्टरमध्ये घालून बसवला तर दहाएक ग्रॅम सहज उतरतात. सेल १.५ व्होल्टचाच हवा. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे रिचार्जेबल सेल मिळतात, ते चुकूनही घालू नका.

४००० हर्ट्झ सध्या सोडून द्या. १००० ला माऊस दर १ मिलिसेकंदाला खबर देतो, ४००० ला दर ०.२५ ला. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेमच जवळपास ७ मिलिसेकंदांची असते. एवढ्याशा फरकासाठी बॅटरी कितीतरी लवकर संपते.

चार्जिंगची कटकट तुम्हाला वाटते तेवढी नाही. सुपरलाइटला कंपनी ७० तास सांगते, आणि ५०-६० ग्रॅमचे बरेच माऊस १००० हर्ट्झवर त्याच पट्ट्यात असतात. रोज तीन-चार तास खेळलात तर साधारण अडीच-तीन आठवड्यांतून एकदा केबल लावायची. सोबत आलेली केबल जपून ठेवा, काही माऊसचं पोर्ट इतकं आत असतं की जाड प्लग शिरतच नाही. बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने पडू देऊ नका. कवचाची फट रुंदावलेली दिसली किंवा क्लिकचा स्पर्श अचानक बदलला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते, तेव्हा वापर तिथेच थांबवा.

माऊस मध्येच अडखळतो अशी तक्रार कराल, तर आधी डोंगल (यूएसबीत खोचायचा माऊसचा छोटा रिसीव्हर) बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निघतो, आणि माऊसचा रेडिओ नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल संगणकाच्या पाठीमागे खुपसून ठेवू नका, एक्स्टेंशन केबलने पॅडच्या कडेला आणून ठेवा. ब्लूटूथ कामापुरतं ठीक, खेळायला नको.

हलका माऊस घामाने पटकन निसटतो, म्हणून ग्रिप टेप लावावीशी वाटेल. टेपची जाडी दोन्ही बाजूंना मिळून एखाद मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि आपण अरुंद माऊस शोधून आणलेला असतो! म्हणून पातळ टेप घ्या आणि अंगठा व अनामिका टेकतात तेवढ्याच जागी चिकटवा. माऊसच्या तळाला असलेल्या गुळगुळीत पट्ट्यांच्या, म्हणजे स्केट्सच्या, कडेला केस आणि धूळ साचते. जड माऊसला ते जाणवत नाही, हलक्याला लगेच जाणवतं. किंचित ओलसर कापडाने पुसत चला.

विकत घेताना बटणांखालचे स्विच ऑप्टिकल (प्रकाशाने क्लिक ओळखणारे) आहेत का तेही विचारा. साध्या मेकॅनिकल स्विचचे संपर्क झिजले की एका दाबात दोन क्लिक पडायला लागतात. तसं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सची वेळ (एका क्लिकनंतर पुढचा क्लिक न मोजण्याचा क्षण) थोडी वाढवून काही काळ निभावता येतं, पण वॉरंटी शिल्लक असेल तर त्यात वेळ न घालवता सरळ माऊस बदलून घ्या.