तुम्ही विचारलंय: सातवा महिना चालू आहे. कूस बदलली की घर गरगर फिरतं. घरचे अशक्तपणा म्हणतात, डिंकाचे लाडू खा म्हणतात. खरंच तसं असेल का?

बहुतेक नाही. आडवं होताना, कूस बदलताना, वर बघताना भिंती फिरत असतील आणि मिनिटाच्या आत थांबत असतील, तर आधी कान दाखवा. ते लाडवांचं वाचून राहवलं नाही.

मी गरोदर असताना मलाही असंच व्हायचं, आणि माझं हिमोग्लोबिन साडेअकरा होतं. गरोदरपणात अकराच्या वर असलं की चांगलंच. तरी मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा अरुंद जिना मी भिंत धरून चढायची. सासूबाई पित्त म्हणायच्या, मोरावळा द्यायच्या. जाऊबाई डिंकाचे लाडू पुढं करायच्या, आणि त्यांचं एकच, "आम्ही नवव्या महिन्यातबी घागरी वर नेल्या, आम्हाला न्हाई कधी असलं झालं." नवरा गप्प. डोहाळजेवणाची साडी घ्यायला महाद्वार रोडला गेलो होतो. वरच्या फळीवरची हिरवी साडी बघायला मान वर केली आणि सगळं दुकान फिरलं. काउंटर धरला म्हणून वाचले. जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सकाळी धड खाल्लं नसंल." मी दोन भाकरी खाऊन निघाले होते!

शेवटी आईनं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान उजवीकडे वळवून पटकन आडवं केलं, तशी बुबुळं आपोआप थरथरायला लागली. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि डोकं हललं की मेंदूला चुकीची खबर जाते, असं त्यांनी सांगितलं. मग टप्प्याटप्प्यानं मान आणि अंग वळवून ते कण जागेवर नेले. याला एपली म्हणतात. गोळी नाही, इंजेक्शन नाही, गरोदरपणात करता येतं. लाडवांनी कानातले कण हलत नाहीत, हे मी आजही ठासून सांगते.

अर्थात प्रत्येक चक्कर कानाची नसते. उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर बीपी आणि रक्त तपासा. उताणं झोपून घाबरं होत असेल तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, डाव्या कुशीवर वळा. डोकं ठणकणं, धूसर दिसणं, तोंडावर सूज, बीपी १४०/९० किंवा वर, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं तर तासभरही थांबू नका. मेडिकलमधून चक्करची गोळी परस्पर आणू नका.

आणि तपासायला जाताना लाडवांचा आग्रह धरणारं माणूसच सोबत आत न्या. आमच्या जाऊबाई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, त्यामुळं त्या अजून म्हणतात की लाडवांनीच गुण आला. तुमच्याकडे डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर बोलू दे. तोवर जिन्यानं बादली-कळशी नेऊ नका, कुणी काहीही म्हणो.