‘कलगीतुरा रंगला’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न असा आहे: ‘दोन नेत्यांत कलगीतुरा रंगला’ असे बातम्यांत सारखे येते. मग कलगीतुरा म्हणजे भांडण का?

मुळात नाही. कलगी आणि तुरा हे शाहिरीतले दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला थोर मानतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे ब्रह्माला. एकाने डफावर भेदिक कवन म्हणायचे, त्यात पुराणातला किंवा वेदान्तातला कूट सवाल घालायचा. समोरच्याने कवनातूनच जवाब द्यायचा आणि मग आपला सवाल टाकायचा. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रात्ररात्र चालतात. चिमटे, टोमणे त्यातही असतात, पण सवालाला बगल देणारा शाहीर हरला.

बातमीतल्या कलगीतुऱ्यात नेमका सवालच गळतो. ‘पीकविम्यावरून सत्ताधारी-विरोधकांत कलगीतुरा’ अशा धाटणीचा मथळा घ्या. खाली मजकूर काय, तर याने टोला लगावला, त्याने समाचार घेतला. महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून १ रुपयात पीकविमा मिळे. २०२५मध्ये तो बंद झाला. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या खरिपाला २, रब्बीला १.५ आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत गेला. भरपाईही पीक कापणी प्रयोगांतून, म्हणजे महसूल मंडळातल्या निवडक शेतांतले पीक कापून मोजण्यातून, निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर आली. मग गारपिटीने एकाच शिवाराचे पीक झोपले आणि मंडळाची सरासरी शाबूत राहिली, तर त्या शेतकऱ्याला काय मिळणार? सवाल हा आहे. तो मथळ्यात आला तर मंत्र्याला जवाब द्यावाच लागेल. टोला छापला की प्रतिटोल्यावर भागते, आणि उद्याचा मथळा कशाने मिळतो हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक असते.

भांडणाचा लाक्षणिक अर्थ आता रूढ आहे, त्याला चूक म्हणता येणार नाही. तरी बातमी लिहिणाऱ्याने एवढे पाहावे: एकाचा प्रश्न आणि त्याच प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर, दोन्ही हाताशी आहेत का? असतील तर कलगीतुरा खुशाल लिहावे आणि दोन्ही छापावेत. नसतील तर ‘खडाजंगी’, ‘शाब्दिक चकमक’ किंवा साधे ‘जुंपली’ पुरे. ‘जुगलबंदी’ मात्र इथे अजिबात नको. तिच्यात दोघे कलावंत मिळून मैफल रंगवतात.

लेखनाचे म्हणाल तर लाक्षणिक अर्थाने जोडून ‘कलगीतुरा’, पुल्लिंगी. दोन पक्षच अभिप्रेत असतील तर ‘कलगी-तुरा’.