सिम्युलेटरमध्ये जुन्या लढाऊ विमानांच्या यंत्रणा कितपत खऱ्या असतात? स्पिटफायर नाक खाली दाबताच अडखळतं, हा गेमचा दोष आहे का?

आधी स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं सांगतो. तुम्ही कुठला मार्क (म्हणजे आवृत्ती) उडवताय, त्यावर सगळं आहे. त्याच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांना फ्लोटवाला कार्ब्युरेटर होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्यातली पातळी एक तरंगता गोळा सांभाळायचा. नाक झटक्यात खाली दाबलं की त्यातलं पेट्रोल वर उसळायचं. इंजिन आधी क्षणभर उपाशी राहायचं आणि मग एकदम जास्त पेट्रोल जाऊन गुदमरायचं. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ ला थेट इंजेक्शन होतं, म्हणजे पेट्रोल पंपाने सरळ सिलिंडरमध्ये जायचं, त्यामुळे जर्मन पायलट सरळ नाक खाली टाकून निसटायचे. १९४१ मध्ये बिॲट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी भोक पाडलेली एक छोटी चकती पेट्रोलच्या वाटेत बसवली आणि हा त्रास बराच कमी केला. मार्क ९ मधल्या मर्लिन ६६ ला वेगळ्या पद्धतीचा कार्ब्युरेटर आहे, तो असा दगा देत नाही. म्हणजे मार्क १ अडखळत असेल तर सिम्युलेटर बरोबर आहे. मार्क ९ अडखळत असेल तर जरूर तक्रार करा.

तुमच्या प्रश्नातला ‘दोष’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. पाच वर्षांपूर्वी माझ्या दादाने हाच शब्द वापरला होता आणि आमचा वाद अजून मिटलेला नाही.

आम्ही दोघं सिम्युलेटरमध्ये जोडीने पी-५१डी मस्टँग हे अमेरिकन लढाऊ विमान उडवायचो, तो पुढे आणि मी त्याच्या उजवीकडे. त्या रात्री लांबची मोहीम होती म्हणून तिन्ही टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. पंखांत प्रत्येकी ९२ गॅलन आणि पायलटच्या पाठीमागे ८५. वीसेक मिनिटांनी वरून दोन १०९ आली. दादाने नेहमीसारखी स्टिक खेचून डावीकडे वळण घेतलं. विमान त्याने मागितलं त्याहून कितीतरी जास्त वळलं, नाक आपोआप आत शिरलं, एक पंख खाली झुकला आणि मस्टँग स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली कोसळू लागलं. १८,००० फुटांवरून जमिनीपर्यंत तो झगडत होता. सुटलं नाही. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, “यांचं गणितच गंडलंय. खरं मस्टँग असं वागलं असतं तर अमेरिका युद्ध हरली असती.”

दुसऱ्या दिवशी मी पायलटसाठी छापलेलं त्या काळचं मॅन्युअल उघडलं. सगळं तिथे लिहिलेलं आहे. मागची टाकी भरलेली असली की विमानाचा गुरुत्वमध्य इतका मागे सरकतो की जोराच्या वळणात स्टिकचा जोर उलटा होतो. एरवी वळण घट्ट करायला खेचावं लागतं, इथे स्टिक स्वतःच पोटाकडे येते आणि पायलटला ती पुढे ढकलून धरावी लागते. म्हणून उड्डाण डाव्या टाकीवर करायचं (कार्ब्युरेटरमधून परत येणारं पेट्रोल त्याच टाकीत जातं, तिथे जागा हवी) आणि मग चढताना मागची टाकी आधी रिकामी करत आणायची. आम्ही वीस मिनिटं डाव्या टाकीवरच उडत होतो.

मी तेच वळण त्याच वेगाने दोनदा घेऊन पाहिलं, एकदा मागची टाकी भरून आणि एकदा जवळजवळ रिकामी ठेवून. पहिल्या वेळी स्टिक जेमतेम बोटभर हलवली तरी एक पंख खाली झुकायच्या बेतात. म्हणजे सिम्युलेटरने टाकीतलं वजन, त्याची जागा आणि त्याचा परिणाम सगळं चोख मोजलं होतं. पण आमच्या जॉयस्टिकला साधी स्प्रिंग आहे. ती कायम मधेच ओढते, विमान काहीही करत असो. खऱ्या पायलटच्या हाताला ती उलटी ओढ आधीच कळली असती. दादाच्या हाताला काहीच कळलं नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. चांगल्या सिम्युलेटरमध्ये पेट्रोल, हायड्रॉलिक, थंडावा, वीज यांची साखळी बऱ्यापैकी खरी असते. युद्धकाळातली मॅन्युअलं आज कोणालाही वाचता येतात आणि यातली काही विमानं अजून उडतात, त्यामुळे माहितीचा दुष्काळ नाही. आजच्या जेट विमानांचं तसं नाही, त्यांचे आकडे गुप्त असतात. हरवतो तो फक्त हाताला, पाठीला, कानाला मिळणारा इशारा. आणि इशारा न देता बसलेल्या फटक्याला लोक दोष म्हणून मोकळे होतात. मॅन्युअल न वाचता कोणी विमानाला चुकीचं ठरवलं की मला राग येतो, आजही.

दादाचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे, ते इथे लिहायलाच हवं. मस्टँगचं इंजिन ६७ इंच दाबावर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) पाच मिनिटंच चालवा, असं मॅन्युअल सांगतं. ती मर्यादा इंजिनाचं आयुष्य टिकावं म्हणून आहे. काही सिम्युलेटर घड्याळ लावून बसतात आणि वेळ संपताच इंजिन मोडतं. हे साफ चूक आहे. तापमान, तेल, सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून बसणारा ठोका मोजून इंजिन मोडलं तर पटतं. शिवाय प्रत्येक विमान कारखान्यातून नुकतंच आल्यासारखं कोरं असतं, शंभर तास झिजलेलं इंजिन क्वचितच मिळतं.

दादाने गेल्या वर्षी जोर परत देणारी, मोटर असलेली जॉयस्टिक घेतली. तिच्यावर भरल्या टाकीचं ते वळण घेऊन बघ, असं मी चारदा सांगितलंय. त्याने अजून घेतलेलं नाही. तुमच्याकडे तशी जॉयस्टिक असेल तर तुम्ही घ्या. नसेल तर मस्टँगमध्ये लढाईआधी मागची टाकी २५ गॅलनपर्यंत खाली आणा. तिचा काटा समोरच्या पॅनेलवर शोधू नका, तो डाव्या खांद्यामागे आहे, मान वळवून बघावा लागतो.